रिकामा कोळसा

एकदा एक वृद्ध गुरुजी होते आणि त्यांच्यावर रुसलेलं एक अख्खं गाव होतं. रुसवा लहानसहान नव्हता. गुरुजींनी गावाच्या बाळंतवाफ्याला बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं होतं. आयाबहिणींच्या तोंडचा घास या म्हाताऱ्यानं काढून घेतला, असं घरोघरी बोललं जात होतं.

बाळंतवाफा म्हणजे काय, ते आधी समजून घ्यावं. तो मुलूख कपाशीचा, काळ्या मातीचा, आणि पाण्याच्या नावानं बोंब. गावाच्या खालच्या अंगाला एक ओढा होता आणि त्याच्या काठाशी जमिनीचा एक तुकडा होता, जिथं भर उन्हाळ्यातही ओल टिकायची. जुन्या माणसांनी तो तुकडा कुणाच्याच नावावर चढू दिला नाही. ज्या घरी बाळंतपण जवळ आलं, त्या घरच्या बाईनं अक्षय्य तृतीयेला आपल्या हातानं तिथं शेपू आणि मेथी पेरायची, आणि बाळंतपणानंतर तीच भाजी तिच्या ताटात पडायची. पाऊसकाळ लागला की पुढच्या बाईनं पुन्हा पेरायची. दुसऱ्या कुणी तिथलं पान खुडायचं नाही. गावात चोर होते, पण ते चोरही त्या वाफ्याला वळसा घालून जात.

वाफ्याच्या वर, चढावर, एका व्यापाऱ्याची वखार होती. तिथं कपाशीवर मारायची औषधं भरलेली असायची. छप्पर गळकं होतं. पोती भिजत, फुटत, आणि आतली पांढरी भुकटी पावसाच्या पाण्याबरोबर उतारानं खाली येई. पण सगळा दोष छपराला देता येत नाही. व्यापारी मनानं वाईट नव्हता. बाळंतिणीच्या भाजीला अळी लागू नये म्हणून तो दर हंगामाला स्वतः येऊन, एक पैसा न घेता, वाफ्यावर भुकटी धुरळून जायचा. मग पानाला एक भोक पडत नसे. बायका म्हणत, काय पानं आहेत, जशी तेल लावून पुसलेली. ज्या पानाला किडा तोंड लावत नाही ते आपण का खावं, हा विचार मात्र कुणाच्या मनाला शिवला नाही.

मग एके दिवशी एक करडू वाफ्यात शिरलं, पोटभर चरलं आणि ओढ्यावर पाणी प्यायला आलं. पाण्यापर्यंत पोचलं नाही. पाय लटपटले, तोंडाला फेस आला, आणि धुणं धुणाऱ्या बायकांच्या डोळ्यांदेखत ते तडफडून गेलं. त्याच सुमाराला व्यापाऱ्याच्या सुनेच्या तान्ह्या मुलाला झटके येऊ लागले. मूल वाचलं, पण अंग धरीना. गावानं म्हटलं, दृष्ट लागली. गुरुजींनी कुणाला काही म्हटलं नाही. कोयता घेतला आणि कुंपण घातलं.

आता गोष्टीतली खरी अडचण ऐका. गावालगतच्या आश्रमात गुरुजींपाशी एक शिष्य होता, त्याच गावचा. त्याची धाकटी बहीण मथुरा बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. ते सासरी गेलं, तिथं बाळंतवाफा नव्हता, म्हणून गेलं, अशी तिच्या आईची पक्की समजूत. यंदा काही झालं तरी लेकीच्या हातानं वाफ्यात बी पडलंच पाहिजे, नाही तर हेही मूल हाती लागायचं नाही, असं म्हणून म्हातारी रोज डोळ्यांना पदर लावी. शिष्य बिचारा कात्रीत सापडला. घरी आईचे अश्रू, वाफ्याला गुरुजींचं कुंपण.

चावडीवर पंच बसले. व्यापारी म्हणाला, "गुरुजींचं वय झालं. माणूस म्हातारा झाला की त्याला सगळीकडे विष दिसतं." लोक हसले. गुरुजीही हसले, आणि त्यांनी अक्षय्य तृतीयेपर्यंतची मुदत मागून घेतली. तोवर जमीन शुद्ध करून दाखवीन, नाही झाली तर कुंपण तुम्ही काढा, असं ते म्हणाले. पंचांनी मान्य केलं.

होळी नुकतीच होऊन गेली होती. शेताशेतांत उपटलेल्या पऱ्हाट्यांचे, कपाशीच्या वाळक्या झाडांचे, ढीग पडले होते. गुरुजींनी आश्रमामागं एक खोल खड्डा खणवला, त्यात पऱ्हाट्या रचून पेटवल्या. बघायला गाव लोटलं. जाळ चांगला अंगात आला, लाकडं तांबडी लाल झाली, आणि अजून कितीतरी जळायचं बाकी असताना गुरुजींनी घागरीमागून घागर ओतून आग विझवून टाकली. वाफेचा लोट उठला. लोक एकमेकांकडे पाहू लागले. कुणीतरी मागून म्हणालं, होळी पेटवायची आणि आपणच बोंब मारत विझवायची, हे कुठलं शास्त्र?

शिष्य हळूच म्हणाला, "गुरुजी, अजून पुरतं जळलं नव्हतं."

"म्हणूनच विझवलं. पुरतं जळलं की राख होते, आणि राखेला कुणाला सांभाळायची ताकद नसते, ती वाऱ्यानं उडून जाते. वेळेवर थांबलेल्या आगीतून कोळसा निघतो. तो वरून काळा दगड दिसतो, पण त्याच्या आत डोळ्यांना न दिसणाऱ्या खोल्याच खोल्या असतात. जमिनीतलं विष त्या खोल्यांत शिरतं आणि तिथंच अडकून पडतं. मग मुळांना ते ओढता येत नाही."

नुसत्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार? म्हणून गुरुजींनी मातीच्या कुंड्या घेतल्या. एकीत आश्रमाच्या बागेतली चांगली माती घातली, दुसरीत वाफ्यातली, आणि तिसरीत वाफ्यातल्याच मातीत तो कोळसा आपल्या हातानं कुटून, चाळून, मिसळला. मोरीच्या पाण्यावर जगणारी गांडुळं आणून तिन्हींत सोडली, फडकी बांधली, कुंड्या सावलीत ठेवल्या. पंचांसमोर फडकी सोडली तेव्हा वाफ्याच्या मातीतली गांडुळं वर येऊन, वेटोळी होऊन मेली होती. चांगल्या मातीतली जिवंत होती, आणि कोळशाच्या मातीतलीही जिवंत होती, बोटभर खाली शिरून बसली होती. मथुरेची आई तीनतीनदा वाकून पाहून आली. तिला वाटलं, देव पावला.

मग साऱ्या गावानं आपापल्या पऱ्हाट्या आणून टाकल्या. पण नेमक्या त्या वेळी गुरुजी तापानं अंथरुणाला खिळले, आणि काम शिष्याच्या अंगावर आलं. त्यानं ते जिवापाड केलं. बहिणीचं मूल त्याला डोळ्यांसमोर दिसत होतं. आग त्यानं वेळेवर विझवली, कोळसा बारीक कुटला. आश्रमामागच्या मुरमाड तुकड्यात पूर्वी गुरुजींनी कोळसा घातला होता, तो शेणकाल्यात आणि गोमूत्रात मुरवून घातला होता, हे त्याला पक्कं आठवत होतं. त्यानं तसंच केलं. बायका मदतीला आल्या. त्यांनी गुळाचं पाणी आणलं, ताक आणलं. मथुरेची आई म्हणाली, भुईच्या ओटीत रिकामं काही घालू नये. कोळसा पिपांमध्ये भिजला, फुगला, त्याला गोडसर आंबूस वास सुटला, आणि मग सगळ्यांनी मिळून तो वाफ्यात मिसळला.

अक्षय्य तृतीया उद्यावर आली. गुरुजी ताप उतरून, काठी टेकत आले. वाफ्यातली कोळसा मिसळलेली माती आणि गांडुळं घातलेली कुंडी पंचांसमोर ठेवली होती. शिष्यानं फडकं सोडलं.

गांडुळं वर आली होती. वेटोळी झाली होती. एकही हलत नव्हतं.

 मथुरेच्या आईनं तोंडावर पदर धरला. शिष्यानं काडीनं माती उकरून पाहिली, खालीही तेच. शेवटी व्यापारी खाकरला आणि म्हणाला, "झालं ना समाधान? गांडुळाचं काय घेऊन बसलात, ते उन्हानंही मरतं. माझी सून याच वाफ्यातलं खाऊन उठली. उद्या सणाचा दिवस आहे, पोरीला पेरू द्या." पंचांनी माना हलवल्या. सकाळी कुंपण काढायचं ठरलं. गुरुजींनी कुंडीतली चिमूटभर माती उचलली, नाकाशी नेली, कपाळाला आठी घातली आणि परत फिरले.

दिवस कलताना मथुरा आश्रमात आली. गुरुजी तिच्यासाठी रोज गाईचं दूध पाठवत, तो तांब्या परत करायला ती यायची. पोटाला हात लावून, सावकाश चालत आली आणि तांब्या ओट्यावर ठेवला. आत गुळाचा खडा होता.

गुरुजी म्हणाले, "मथुरे, मनात एवढा घोर, आणि तांब्यात गूळ?"

"घोर आपल्या जागी, गुरुजी. दुसऱ्याचं भांडं रिकामं कसं परत करू? आम्ही त्या वाफ्यालासुद्धा रिकामं काही दिलं नाही. कोळशाला आधी शेण, गूळ, ताक सगळं पाजलं आणि मगच घातला. तरी बघा, त्यानं ऐकलं नाही."

गुरुजी हातातली काठी तशीच धरून उभे राहिले. मग त्यांनी शिष्याला हाक मारली आणि विचारलं, खरं का? शिष्यानं मोठ्या निष्ठेनं सगळं सांगितलं. काय घातलं, किती मुरवलं, काही लपवलं नाही. उलट त्याला वाटत होतं की गुरुजी शाबासकी देतील, निदान कष्टांची तरी.

गुरुजींनी तांब्यातला गूळ काढून शिष्याच्या हातावर ठेवला. तांब्या उपडा केला, त्याच्या बुडावर टिचकी मारली, तो टणकन वाजला. मग तो रिकामा तांब्या त्यांनी कपाळाला लावला आणि मथुरेच्या हाती परत दिला. "उद्या कुंपणापाशी, साऱ्या गावादेखत, हा मला असाच दे. आत काही घालू नकोस. अगदी तांदळाचा दाणासुद्धा नाही."

मथुरेचा चेहरा उतरला. दिवस गेलेल्या बाईनं सणाच्या दिवशी चारचौघांत रिकामं भांडं पुढं करायचं, याहून मोठा अपशकुन त्या गावात नव्हता. शिष्याला राहवलं नाही. आजवर त्यानं गुरुजींपुढं आवाज चढवला नव्हता. "गुरुजी, तिचं पहिलं गेलंय. तिच्याकडून असलं काही करून घेऊ नका. काय ते मला सांगा, मी करतो."

"तुला सांगितलं तर तू एकटा ऐकशील," गुरुजी म्हणाले, "आणि ही चूक एकट्याची नाही."

मथुरा तांब्या पदराखाली धरून घरी गेली. आईनं विचारलं तेव्हा तिनं सांगितलं नाही.

सकाळी ओढ्याकाठी गाव जमलं. दोन गडी कोयते घेऊन कुंपणाशी उभे होते. व्यापारी पुढं होता. त्याची सून अंगाखांद्यावरचं वाळकं मूल सावरत मागं उभी होती. मथुरेच्या ओटीत शेपू आणि मेथीचं बी बांधलेलं होतं आणि पदराखाली तांब्या होता. पंचांनी खूण केली. गड्यांनी कुंपणातला पहिला फास, काटेरी फांद्यांचा भारा, ओढला. वाट मोकळी झाली. आता ती पाऊल टाकणार, एवढ्यात तिनं गुरुजींकडे पाहिलं, पदर बाजूला केला आणि रिकामा तांब्या त्यांच्यापुढं धरला.

बायकांमध्ये कुजबुज उठली. तिची आई, अगं काय करतेस, म्हणून पुढं धावली. शिष्यानं आईचा हात धरला. 

गुरुजींनी तांब्या घेतला. होळीच्या रंगासाठी वाळवलेल्या पळसफुलांतली उरलेली त्यांनी पाण्यात उकळून आणली होती. ते केशरी पाणी त्यांनी दोन तांब्यांत सारखं ओतलं. एक मथुरेनं दिलेला, एक शिष्याकडून मागून घेतलेला. शिष्याच्या तांब्यात त्यांनी पिपाच्या तळाशी उरलेला, शेणागुळात मुरलेला कोळसा टाकला. मथुरेच्या तांब्यात कोरडा, रिकामा, नुसता कुटलेला कोळसा टाकला. दोन्ही ढवळले आणि ते खाली बसले. गावही उभं राहून राहून खाली बसलं. कुणी विचारलं, किती वेळ? गुरुजी म्हणाले, जेवढा वेळ काल तुम्हाला कुंपण काढायचं ठरवायला लागला, त्याहून थोडा जास्त.

मग त्यांनी दोन वाट्यांवर दुहेरी धुतलं फडकं ताणलं आणि तांब्यांतलं पाणी गाळलं. शिष्याच्या तांब्यातलं पाणी गढूळ केशरीच उतरलं. मथुरेच्या तांब्यातलं उतरलं ते ओढ्याच्या पाण्यासारखं नितळ. रंग जसा कुणी पिऊन टाकला होता.

गुरुजी उठले. आवाज थकलेला होता, पण शेवटच्या माणसापर्यंत पोचला.

"कोळसा तोच, पऱ्हाटी तीच, आग तीच. एकाच्या पोटात जागा होती, म्हणून त्यानं रंग धरला. दुसऱ्याचं पोट तुम्ही प्रेमानं भरून पाठवलं होतं, तो आणखी कुठं घेणार? माझ्या शिष्याला बोल लावू नका. भुकेल्या जमिनीला कोळसा भरून द्यावा, हे मीच त्याला शिकवलं होतं. विषारलेल्या जमिनीला तो रिकामा द्यावा लागतो, हे सांगायचं माझं राहून गेलं. आपल्याला लहानपणापासून सवय आहे, कुणाकडे जायचं तर हात भरून जायचं. पण ज्याच्या अंगात विष भिनलंय त्याच्याकडे भरलेले हात घेऊन गेलं, तर त्याचं विष ठेवायचं कुठं?"

 मग व्यापारी पुढं आला. दोन्ही वाट्यांकडे त्यानं पाहिलं, मागं सुनेच्या कडेवरच्या मुलाकडे पाहिलं.  हलक्या आवाजात त्यानं विचारलं, "गुरुजी, म्हणजे आमच्या पोरानं जे दूध प्यायलं, ते..."

गुरुजींनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मुलाला आजच मोठ्या वैद्याकडे न्या, एवढंच ते म्हणाले.

सगळ्यांच्या नजरा मथुरेवर आल्या. बी तिच्या ओटीत होतं, वाट मोकळी होती, मुहूर्त होता. आईनं रडत म्हटलं, "पोरी, नुसतं दोन दाणे तरी टाक, रीत मोडू नको." मथुरेनं कुंपणापलीकडच्या त्या काळ्याभोर, ओल्या, फसव्या जमिनीकडे पाहिलं. मग ओटीची गाठ घट्ट केली.

"आई, रीत बाळासाठी होती ना? मग आज बाळासाठीच पेरत नाही."

शिष्यानं गड्यांच्या हातातला फास घेतला आणि तो पुन्हा जागेवर लावला. काटा तळहातात घुसला, त्यानं पाहिलंही नाही.

त्या साली मथुरेसाठी मेथी आली ती पल्याडच्या गावाहून. शिष्य ती ओल्या फडक्यात गुंडाळून, ऊन चढायच्या आत पायी घेऊन यायचा. तिला मुलगी झाली. चांगली रडली, चांगली प्यायली. वाफ्यात मात्र पुन्हा कोळसा पडला, या वेळी कोरडा, आणि पुन्हा कुंड्या भरल्या गेल्या. गांडुळं आधी काही मेली, काही जगली, पुढं सगळी जगली, तरी गुरुजींनी कुंपण काढू दिलं नाही. पुढच्या हंगामाला त्यांनी स्वतः शेपू पेरला आणि पहिली भाजी आपल्याच पानात वाढून घेतली. म्हणाले, माझं बाळंतपण होऊन गेलंय, मला काय भीती. गाव हसलं, पण ते ताट रिकामं होईतो कुणाच्या घशाखाली घास उतरला नाही.

गुरुजींनी एक गोष्ट मात्र सगळ्यांकडून वदवून घेतली. विष मेलेलं नाही. कोळशानं ते धरून ठेवलं आहे. वरून रोज नवं येत राहिलं, तर एक दिवस त्याच्याही खोल्या भरतील. हे ऐकून व्यापाऱ्यानं चढावरची वखार गावाबाहेर, ओढ्यापासून दूर नेली, आणि नव्या वखारीवर पक्कं छप्पर घातलं. वाफ्यावर धुरळायला तो पुन्हा आला नाही. पुढं मेथीच्या पानांना भोकं दिसू लागली, तेव्हा बायकांना ती मोजून एकमेकींना दाखवण्याचा छंदच लागला.

कुंपण निघालं त्या अक्षय्य तृतीयेला पेरायची पाळी व्यापाऱ्याच्या सुनेची होती, दुसऱ्या खेपेची. पहिलं पोर औषधपाण्यानं अंग धरू लागलं होतं, आजोबांच्या बोटाला धरून उभं राहत होतं. पेरून घरी आल्यावर तिनं गुरुजींकडून आलेला दुधाचा तांब्या घासला, उन्हात पालथा घातला. सासूनं सवयीनं डब्यातून गुळाचा खडा काढला आणि तांब्यात टाकायला हात पुढं केला.

ओसरीवरून व्यापारी म्हणाला, "राहू दे. त्यांचा आहे ना, रिकामाच दे."